एक नंबरापासून सुरू नका करू

दहीकर बाबूंना कोणी विचारलं की बाबू, याच्यातलं आधी कोणतं वाचू, तर ते लगेच उत्तर देत नसत. विचारणाऱ्याला आधी बसवत. मग असे प्रश्न सुरू करत की बाजूला उभ्या माणसाला वाटावं, हे वैद्य आहेत की पोलीस. झोप कशी लागते. घरात तुम्ही थोरले की धाकटे. अंधारात भेव वाटते का. पिक्चर अर्धा सोडून कधी उठले होते का, आणि काहून उठले होते. हे सगळं झालं की चष्मा कपाळावर चढवून थोडा वेळ छताकडे बघत आणि म्हणत, "तुमी चौदापासून सुरू करा."

चौदा म्हणजे चौदा नंबरची कादंबरी. एकाच लेखकाच्या एक्केचाळीस कादंबऱ्या त्यांच्याकडे होत्या. सगळ्या विज्ञानकथांच्या जातीच्या, यानं, ग्रह, यंत्रमाणसं, समुद्राच्या तळाशी वसवलेली गावं. लेखकाचं नाव मी इथे देत नाही, कारण बाबू स्वतः कधी घेत नसत. ते त्याला "आपला माणूस" म्हणत. डेपोत नवीन आलेल्याला वाटायचं, यांचा कोणी नातेवाईक असेल, नागपूरला मोठ्या जागेवर.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या त्या सरकारी लाकूड डेपोत मी कॉम्प्युटरवर लागले तेव्हा बाबूंची चार वर्षं नोकरी उरली होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, त्यात लाजायचं काय. बाबा लामत्याजवळच्या गावचे, तिसरी शिकलेले, राइस मिलमध्ये पोती उचलत. माझी बी.ए.ची डिग्री त्यांनी काचेत बसवून देवाच्या फोटोच्याही वर टांगली आहे. पण खरं आहे तेही सांगते. ती डिग्री मी गाइडं वाचून मिळवली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत असं एकही पुस्तक मी वाचलं नव्हतं. शाळा हिंदी, कॉलेज हिंदी. मराठी फक्त घरात बोलायची.

बाबूंनी हे तिसऱ्याच दिवशी ओळखलं. मी डबा खात होते.

"पोरी, डबा खाताना मोबाइल काहून पाहतं?"

"मग काय पाहू, काका?"

"भेव वाटते का तुले अंधारात?"

मी म्हटलं नाही वाटत. खोटं होतं. त्यांनी छताकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून चौदा नंबर आणून दिला. त्यात खाणीत अडकलेली एक मुलगी होती, आणि ती जमिनीखालून चालत चालत भलत्याच जगात निघते. मी तीन दिवसांत वाचून संपवलं. मराठी अक्षरं माझ्या डोळ्यांना तेव्हा पहिल्यांदा सरळ दिसली. परत करताना मी म्हटलं, "काका, मी खोटं बोलले होते. मले भेव वाटते." ते म्हणाले, "हौ. म्हनूनच चौदा देल्लं."

आता हे नंबर कसे पडले ते सांगायला पाहिजे. डेपोत जंगलातून लाकूड आलं की प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर पेंटने नंबर टाकतात, खाली लांबी आणि गोलाई. जसं लाकूड येईल तसा नंबर, मग तो साग असो की साजा, भरीव असो की पोकळ. एकदा पडलेला नंबर कोणी पुसायचा नाही. पुसलेल्या नंबराचं लाकूड चोरीचं समजतात. बाबूंचा सगळा जन्म या कायद्यात गेला, तर पुस्तकांनाही त्यांनी तोच लावला. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर पांढऱ्या पेंटचा नंबर, त्याखाली पानं. जे पुस्तक ज्या क्रमाने बालाघाटला पोचलं, त्या क्रमाने. काही नागपूरच्या फुटपाथवरून, काही गोंदियाच्या रद्दीतून, सहा-सात परसवाड्याच्या एका रिटायर मास्तरांच्या घरून.

घोटाळा असा की सगळ्यात आधी त्यांच्या हाती लागलं ते सगळ्यात अवघड. पहिली ऐंशी पानं नुसतं यानाचं इंजिन कसं बांधलं. त्याच्या पाठीवर ठसठशीत एक. घरी येणारा माणूस कपाटापुढे उभा राहिला की त्याचा हात आपोआप एक नंबराकडे जायचा, आणि बाबू खुर्चीतून अर्धे उठायचे.

"एकपासून सुरू नका करू. लय मानसं मेले त्या एक नंबरात."

मी म्हटलं, "काका, मग नंबर बदला ना. चौदाले एक करा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी कोणाच्या आईवरून काही बोलले. "नंबर बदलत नसते पोरी. तुले डेपोत घेतलं कोनं?"

त्या एक नंबरात वाया गेलेल्या माणसांपैकी एक मी पाहिला आहे. आमचे एक नवीन साहेब छिंदवाड्याचे होते. मराठी वाचायचे, बोलायचे हिंदीत. बाबूंच्या घरी चहाला आले, कपाट उघडून एक नंबर काढला आणि म्हणाले, "शुरुआत तो एक से ही होती है, बड़े बाबू." साहेबांना नाही कोण म्हणणार. बाबूंनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. महिन्याने साहेबांनी पुस्तक चपराशाच्या हाती परत केलं, बहुत टेक्निकल है म्हणून. त्यानंतर साहेब डेपोत आले की बाबू त्यांच्याकडे उन्हात पडून फाटलेल्या सागाकडे बघावं तसं बघत. "चांगला मानूस होता," माझ्या कानाशी म्हणत. "पाचपासून लावला असता तर पूर्न एक्केचाळीस करून गेला असता."

साहेब तिथेच उभे असायचे आणि बाबू "होता" म्हणायचे.

पण सगळंच असं हसण्यासारखं नव्हतं. इमरत नावाचा ट्रकड्रायव्हर होता, कटंगीकडचा. मराठी अडखळत वाचायचा, पण वाचायचा. एकदा ट्रकमध्ये लाकूड भरणं चाललं होतं, बाबू घाईत होते, आणि त्यांनी काही न विचारता त्याला बावीस नंबर दिला. बावीसमध्ये दोन भाऊ आहेत. थोरला दूरच्या ग्रहावर जातो, वीस वर्षं नुसता रेडिओवर त्याचा आवाज येत राहतो, आणि शेवटी तो स्वतः परत येऊन अंगणात उभा राहतो. इमरतचा थोरला भाऊ आदल्या वर्षी वैनगंगेत बुडाला होता. हे डेपोत सगळ्यांना माहीत होतं, बाबूंनाच नव्हतं, कारण ते तेव्हा सुटीवर होते.

इमरतने पंधरा दिवसांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. म्हणाला, "बाबू, इसमें तो वो लौट आता है." आणि गाडीत जाऊन बसला.

बाबूंना मग कोणीतरी सांगितलं. त्यांनी एक वर्ष कोणालाच पुस्तक दिलं नाही. कपाटाची किल्ली काकूंकडे देऊन टाकली. वर्षाने पुन्हा सुरू केलं तेव्हा त्यांच्या प्रश्नांत एक वाढला होता. घरातलं कोणी गेलं का इतक्यात, हे ते सगळ्यात शेवटी आणि खाली बघून विचारत.

काकू म्हणजे त्यांच्या बायको, सुधाकाकू. एक्केचाळीसपैकी एकही त्यांनी वाचलं नव्हतं. कपाटावरची धूळ मात्र त्याच पुसत. "लाकडं मोजून घरी येतेत अन् तसेच चंद्रावर जातेत," त्या मला सांगायच्या, बाबू समोर बसलेले असताना. "बजारात जा म्हनलं का पाय दुखतेत." बाबू रिटायर झाल्यावर मी रविवारी पुस्तक बदलायला त्यांच्या घरी जायला लागले. खरं सांगायचं तर अर्धी जायची काकूंच्या हातच्या वड्याभातासाठी.

रिटायर होऊन दोन वर्षं झाली असतील, काकूंचं पोट दुखू लागलं. नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि घरी न्यायला सांगितलं. दोन महिने, फार तर तीन. रायपूरला दिलेली मुलगी येऊन-जाऊन राहायला लागली.

आणि एका दुपारी डेपोत बाबूंचा फोन आला. आवाज असा, जसा पोराचा पहिला नंबर आला.

"वनिता, सुधा म्हनते, तुमचं ते एखादं वाचून दाखवा न जी. साऱ्या गावाले वाचाले लावलं, मीच राह्यली."

"मग दाखवा ना, काका."

फोनात कपाटाचं दार कुरकुरल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "कोनतं घेऊ?"

मला वाटलं चेष्टा करतात. चेष्टा नव्हती.

रविवारी गेले तर समोरच्या खोलीत एक्केचाळीस पुस्तकं जमिनीवर मांडलेली, डेपोत मांडतात तशा थप्प्या लावून. बाबू मधे उकिडवे बसले होते. ही थप्पी कोणी मरते त्याची, ते म्हणाले. ही कोणी परत येते त्याची. ही लय लांब, संपायची नाही. या तिन्हीत दवाखाना आहे. प्रत्येक थप्पी ते हाताने बाजूला सारत गेले आणि शेवटी त्यांच्यापुढे जमिनीवर एकच राहिलं, सव्वीस नंबर.

"याच्यात कोनी मरत नाही," ते म्हणाले.

"मग हेच घ्या."

"याच्यात सारे अमर झालेले असतेत, वनिता. हे तिले कसं वाचून दाखवू?"

मी खाली बसले. म्हटलं, काका, तुम्ही सगळ्यांना विचारता तसं काकूंना विचारा. झोप कशी लागते, भेव वाटते का.

"लग्नाले चाळीस वर्षं झाले," ते म्हणाले. "तिले अंधारात भेव वाटते का मले माहीत नाही."

"मग विचारा."

"आता इचारू?"

 मी थप्प्या उचलून कपाटात लावू लागले. नंबराप्रमाणे.

असे आठ-दहा दिवस गेले. बाबू रोज एखादं पुस्तक घेऊन काकूंच्या पलंगाजवळ बसत, पहिलं पान वाचत, मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत आणि थांबत. हे नको, दुसरं पाहतो. काकूंनी पुढच्या रविवारी माझ्याजवळ तक्रार केली. आवाज बारीक झाला होता, पण तिखट तेवढाच.

"नऊ सुरू झाले बाई, एक बी पुढे गेलं नाही. एकात तर तो मानूस दार उघडून बाहेर निंगाला, अन् यायनं पुस्तक बंद केलं. अजून दारातच उभा असन तो बिचारा."

बाबू गालातल्या गालात हसले, पण डोळे जमिनीवर. त्यांना वेळ नाही हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं, आणि त्यामुळेच त्यांच्याने निवडणं होत नव्हतं. दुसऱ्या कोणाचं चुकलं तर तो पुढच्या वेळी दुसरं नेईल. इथे पुढची वेळ नव्हती.

शेवटी काकूच म्हणाल्या, "सगळ्यात पातळ कोनतं आहे?"

"तेहतीस. पन ते नको," बाबू घाईने म्हणाले. "ते आपल्या मानसानं गडबडीत लिहिलं. त्याच्यात काही दम नाही. ते वाचाचं तर अगदी शेवटी वाचाचं."

"मंग तेच काढा," काकू म्हणाल्या.

 बाबू उठले आणि कपाटापुढे बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. तेहतीस नंबर समोरच होतं, एकशे बारा पानांचं.

त्यात सहा माणसं एका यानातून राहण्यासाठी नवीन जागा शोधत जातात, एवढीच गोष्ट आहे. मीही वाचलं होतं, आणि बाबूंचं खरं होतं, त्यात दम नव्हता. पण काकू ऐकू लागल्या आणि त्या पुस्तकाचं काहीतरी भलतंच झालं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सैपाक कोन करते तिथं?"

बाबू थांबले. "ते लिहिलं नाही."

"सहा मानसं सात महिने निंगाले, अन् सैपाकाचं लिहिलं नाही? कपडे कुठी वाळू घालतेत?"

"ते बी नाही."

"मंग लिहिलं काय तुमच्या मानसानं?"

पुढे एका रविवारी माझ्यासमोर त्यांनी विचारलं, "त्या यान चालवनाऱ्याची बायको आहे, तिले नाव काहून नाही?" बाबूंनी ते पुस्तक सहा वेळा वाचलं होतं. त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मागची सगळी पानं उलटून पाहिली. खरंच, सगळ्यांना नाव होतं, तिला नव्हतं.

"तुमच्या मानसाले फोन करून इचारा."

"ते गेले. लय वर्षं झाले."

"मंग आपनच ठेवू. कमल म्हना. माह्या आईचं."

तेव्हापासून बाबू जिथे "त्याची बायको" असेल तिथे "कमल" वाचत. एकदा यानातली म्हातारी मरते ते पान आलं, तर त्यांनी हळूच पुढे जायला पाहिलं. काकूंचे डोळे मिटलेले होते. म्हणाल्या, "दोन पलटले. आवाज येते मले." बाबूंनी मागे येऊन ते पान वाचलं. काकू शांतपणे ऐकत राहिल्या. पाणी प्यायला बाबूच उठले.

पण औषधाने झोप यायची. आधी तासभर ऐकत, मग अर्धा तास, मग पाच-दहा मिनिटं. दिवसाची पाच पानं होती ती दोनवर आली, मग एकावर. बाबू भरभर वाचू लागले तर काकू म्हणत पळू नका. सावकाश वाचावं तर संपणार नाही हे स्वच्छ दिसत होतं. मला बाहेर ओट्यावर नेऊन त्यांनी विचारलं, "शेवट सांगून टाकू का तिले?"

"काकूंनाच विचारा."

"इचारलं. म्हनते, सांगसान तर बोलनार नाही मी तुमच्याशी."

ते माझ्याकडे बघत राहिले, मी काही सांगेन म्हणून. आख्ख्या घराण्यात मी एकटी शिकलेली, आणि मी ओट्याच्या फरशीकडे बघत उभी.

त्याच महिन्यात माझी बदली बैहरला झाली. पंधरा-सोळा दिवसांनी मुलीचा फोन आला की काकू गेल्या. तेराव्याला मी आले. बाबू लोकांत बसले होते, माझ्याशी बैहरच्या रस्त्याबद्दल बोलले. पुस्तक कुठपर्यंत आलं होतं, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढे मुलगी त्यांना रायपूरला घेऊन गेली आणि कपाट त्यांनी जीपने माझ्याकडे पाठवलं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस आहेत. तेहतीस नंबर मी उघडलेलं नाही. एखादं पान दुमडलेलं असेल तर ते मला बघायचं नाही. ऑफिसातल्या पोरी कपाटापुढे उभ्या राहतात, ताई कुठून सुरू करू म्हणतात. मी सांगते, एक नंबर सोडून कोणतंही घ्या. याच्या पुढचं मला येत नाही.

बाबूंना रायपूरला मी फोन करते. बोलतात, तब्येत बरी आहे म्हणतात. पण मला ते दिसतात ते मी बदलीवर निघाले त्या रविवारचे.

दुपारचे तीन वाजले होते. माझी बैहरची गाडी चारची. बॅग ओट्यावर ठेवून आत गेले. काकू जाग्या होत्या, मला हाताने बस म्हणाल्या. बाबू वाचत होते. यान एका निळसर ग्रहाभोवती फिरत होतं आणि कमल खिडकीपाशी उभी होती. "कमलने खाली पाहिलं आणि" एवढ्यावर बाबू थांबले. काकूंना झोप लागली होती.

त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. थांबले त्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि तसेच बसून राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

मी हळू म्हटलं, "काका, मिटून ठेवा. पडा थोडं."

त्यांनी मान हलवली. "मिटलं का आवाजानं जागी होते. पुढे वाचलं का तिचं हुकते."

"मग?"

"मंग काही नाही."

पावणेचारला मी उठले. त्यांच्या पाया पडले. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर, डोक्यावर ठेवायला हात मोकळा नव्हता. त्यांनी नुसती हनुवटी हलवली, जा म्हणून. चपला घालताना मी पाहिलं. बोट तिथेच होतं. पण ते पुस्तकाकडे बघत नव्हते, काकूंच्या पापण्यांकडे बघत होते.